वाळूची दोन पुस्तके

'वाऱ्याचे कार्य' हा भूगोलाचा पाठ आपण सारेच शिकवतो. खनन, वहन, संचयन. बारखाण, सैफ, भूछत्र खडक. एकदोन आकृत्या आणि शेवटी 'फरक स्पष्ट करा'. वारा मंदावला किंवा वाटेत अडथळा आला की वाळू खाली पडते आणि तिच्या टेकड्या तयार होतात, असे मुले लिहितात आणि आपण गुण देतो. पण वर्गातली एखादी चौकस मुलगी विचारू शकते : वारा तर राख उधळतो, भूस उडवतो, पीठ पसरून टाकतो, मग वाळवंटातली वाळूच तेवढी तो पसरून का टाकत नाही? उघड्या, सपाट मैदानावर, जिथे अडथळा म्हणून काही नाही, तिथे तो वाळूचे ढीग का रचतो? आणि तेही नीटनेटक्या आकाराचे, ओळीने?

या प्रश्नाला आपल्या पाठात उत्तर नाही. ते शोधणारा माणूस भूगोलाचा प्राध्यापक नव्हता, भौतिकीचाही नव्हता. राल्फ अल्जर बॅग्नोल्ड (१८९६-१९९०) हे ब्रिटिश लष्करातले अभियंता. १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये नेमणूक असताना रजेच्या दिवसांत, स्वतःच्या खर्चाने, मित्रांना बरोबर घेऊन ते साध्या फोर्ड मोटारी वाळवंटात घालू लागले. त्यातून दोन पुस्तके जन्माला आली. 'लिबियन सँड्स : ट्रॅव्हल इन अ डेड वर्ल्ड' हे प्रवासवर्णन १९३५ साली निघाले. 'द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स' हा शास्त्रीय ग्रंथ १९४१ साली. पहिले पुस्तक साहसाची आवड असणारे वाचतात, दुसरे भूशास्त्राचे आणि अभियांत्रिकीचे अभ्यासक. दोन्ही वाचणारे थोडे. आमच्या मते ही दोन पुस्तके एकत्रच वाचायला हवीत, विशेषतः शिक्षकांनी. आणि वाचताना काही ठिकाणी लेखकाशी भांडायलाही हवे.

चार चाके, पण जोर दोनांना

प्रथम मोटारींविषयी. वाळवंटातली मोटार म्हटले की आज चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचवणारी जीप डोळ्यांसमोर येते. बॅग्नोल्ड यांच्या मोटारी तशा नव्हत्या. आधी फोर्डची मॉडेल-टी, पुढे मॉडेल-ए; दोन्हींत जोर फक्त मागच्या दोन चाकांना. या मोटारींनी त्यांनी १९२९ आणि १९३० साली इजिप्त-लिबिया सरहद्दीवरच्या महावालुकासागरात शिरकाव केला. हा प्रदेश सुमारे ७२,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव हिस्सा. १८७४ साली जर्मन प्रवासी गेऱ्हार्ड रोल्फ्स उंटांचा तांडा घेऊन इथवर आले होते. पश्चिमेकडे एकामागून एक आडव्या पडलेल्या वाळूच्या रांगा ओलांडणे अशक्य ठरल्याने त्यांना रांगांच्या मधल्या पट्ट्यांतून उत्तरेला सिवाकडे वळावे लागले. जिथे उंट हरले तिथे मोटार कशी गेली, हा 'लिबियन सँड्स'चा गाभा आहे, आणि तो सांगताना बॅग्नोल्ड यांची लेखणी फार छान चालते. बढाई नाही. अडचण काय होती, काय करून पाहिले, काय फसले, काय जमले, हा त्यांचा क्रम. प्रयोगवहीचाही हाच क्रम असतो.

एक उदाहरण घेऊ. टेकडीच्या पायथ्याशी मोटार सावकाश नेली तर ती रुतते. त्यांनी उलट केले. मोटार भरधाव सोडली आणि वाऱ्याकडच्या उतारावर सरळ चढवली. तो उतार आश्चर्यकारक घट्ट निघाला आणि मोटार वर पोचली. नववीच्या वर्गात याचे गणित घालता येईल. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. घर्षण सोडून दिले, तर केवळ गतिज ऊर्जेच्या बळावर, इंजिन बंद करूनसुद्धा, ही मोटार सुमारे १४ मीटर उंची गाठील. मोटारीचे वजन किती हे विचारावेच लागत नाही, कारण समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वस्तुमान निघून जाते. मुलांना हे पटत नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण घालावे.

दुसरी युक्ती टायरमधली हवा कमी करण्याची. मोटार १,५०० किलोची आणि भार चारही चाकांवर सारखा धरला, तर एका चाकावर ३७५ किलो. टायरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल तर चाक जमिनीला साधारण १९० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते. दाब निम्मा केला की टेकण्याची जागा दुप्पट होते आणि वाळूवरचा दाब निम्म्यावर येतो. उंटाचा पसरट तळवा हेच करतो. तरीही मोटार रुतलीच तर चाकाखाली घालायला पोलादी पन्हाळी होत्या. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरांसाठी बनवलेल्या या पन्हाळी बॅग्नोल्ड यांना कैरोतल्या भंगारवाल्याकडे मिळाल्या.

तिसरी युक्ती पाण्याची. रेडिएटरमधले पाणी उकळून वाफ झाले की ते गेलेच, आणि वाळवंटात पिण्याचे पाणी इंजिनाला पाजणे परवडत नाही. म्हणून रेडिएटरचे तोंड बंद करून त्यातून एक नळी काढली आणि तिचे टोक मोटारीच्या बाजूला बांधलेल्या डब्यातल्या पाण्यात बुडवले. वाफ डब्यात येऊन थंड होई आणि तिचे पाणी होई. इंजिन निवाले की रेडिएटरमध्ये पोकळी निर्माण होऊन डब्यातले पाणी आपोआप परत वर ओढले जाई. बाष्पीभवन, सांद्रीभवन आणि हवेचा दाब हे तीनही धडे एका डब्यात सामावले आहेत.

अशा युक्त्यांची सुरुवात पहिल्या महायुद्धात, १९१६ नंतर, इजिप्तच्या सरहद्दीवर फिरणाऱ्या मोटार-गस्ती पथकांनी केली होती. बॅग्नोल्ड यांनी त्या सुधारल्या, जुळवल्या आणि लिहून ठेवल्या. शोध बहुधा असेच लागतात. एकाच डोक्यातून एकाच दिवशी बाहेर पडत नाहीत.

सावलीचे होकायंत्र

मोटारीत चुंबकीय होकायंत्र फसवते, कारण भोवती सारे लोखंड. दर थोड्या अंतरावर थांबून, खाली उतरून, मोटारीपासून दूर जाऊन दिशा पाहायची तर प्रवासच होत नाही. म्हणून बॅग्नोल्ड यांनी सूर्य-होकायंत्र वापरले : एक आडवी तबकडी, तिच्या मध्यावर उभी बारीक सळई, भोवती अंशांच्या खुणा. सूर्याची दिशा वेळेनुसार बदलते, म्हणून ठराविक वेळाने कोष्टक पाहून तबकडी फिरवायची. मग सळईची सावली ठरलेल्या खुणेवर राहील अशा बेताने मोटार हाकायची. रात्री ताऱ्यांचे वेध घ्यायचे आणि रेडिओवरून येणाऱ्या वेळेच्या ठोक्यांशी घड्याळ जुळवून रेखांश काढायचा. घड्याळात ४ सेकंदांची चूक झाली तर विषुववृत्ताजवळ स्थान सुमारे पावणेदोन किलोमीटरनी चुकते. 'घड्याळ आणि रेखांश यांचा संबंध काय?' या प्रश्नाचे यापेक्षा बोलके उत्तर आम्हाला माहीत नाही.

या यंत्राची मर्यादाही शिकवण्याजोगी आहे. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावली आखूडते आणि होकायंत्र निरुपयोगी होते. त्यांच्या मोहिमांतला गिल्फ केबीर हा पठारी प्रदेश कर्कवृत्ताच्या आसपास आहे. आपला महाराष्ट्र त्याच्याही दक्षिणेला, म्हणून आपल्याकडे तर वर्षातून दोन दिवस भर माध्यान्ही सावली पूर्ण नाहीशी होते. पुठ्ठा आणि खिळा घेऊन मुलांनी शाळेच्या मैदानावर हे होकायंत्र बनवावे आणि ते कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी 'आंधळे' होते हे स्वतः शोधावे.

कणापासून टेकडीकडे

'लिबियन सँड्स' संपते तेव्हा वाचकाच्या मनात एक प्रश्न उरतो, आणि तो लेखकाच्याही मनात उरला होता. टेकडीची एक बाजू घट्ट आणि दुसरी पोकळ का? वाळू पसरण्याऐवजी एकत्र का येते? १९३५ साली प्रकृतीच्या कारणाने लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात काचेच्या भिंतींचा, सुमारे ३० फूट लांबीचा वाऱ्याचा बोगदा उभारला, त्यात वाळू टाकली आणि पाहत बसले. पुढे १९३८ साली पुन्हा गिल्फ केबीरला जाऊन बोगद्यातली मोजमापे खऱ्या वाळवंटात तपासली. निरीक्षण, प्रयोग आणि पुन्हा निरीक्षण, अशी ही साखळी होती.

दुसऱ्या पुस्तकाची मांडणी आम्हाला फार आवडली. लेखक टेकडीपासून सुरुवात करत नाही. आधी वाळूचा एकच कण वाऱ्यात कसा वागतो ते पाहतो. मग पुष्कळ कण, मग वाळूवरच्या लाटा, आणि शेवटी टेकड्या. कण वाऱ्याबरोबर तरंगत जात नाही. तो उडी मारतो, वाऱ्याकडून वेग घेतो, खाली आपटतो आणि आपटताना आणखी कणांना उडवतो. जड कण उडत नाहीत, पण माऱ्याने पुढे ढकलले जातात. एकूण वाहतुकीचा सुमारे पाव भाग असा जमिनीलगत सरकतो. म्हणूनच खऱ्या वाळूच्या वादळात माणसाच्या पायांना वाळूचा मारा बसतो आणि डोके बहुधा स्वच्छ हवेत राहते. आभाळ झाकून टाकते ते धुळीचे वादळ. आपल्या पाठात या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

आता त्या चौकस मुलीचा प्रश्न. कठीण, खडकाळ जमिनीवर आपटलेला कण उंच उसळतो, वाऱ्याच्या वेगवान थरात शिरतो आणि लांब जातो. तोच कण मऊ वाळूवर पडला की त्याची ऊर्जा इतर कणांना हलवण्यात खर्च होते. उडी बुटकी पडते. शिवाय उडणाऱ्या कणांचा लोंढा जमिनीलगतच्या वाऱ्याला मंदावतो. म्हणजे जिथे आधीच वाळू आहे तिथे आणखी वाळू थांबते. ढीग ढिगाला वाढवतो. याला बाहेरच्या अडथळ्याची गरज नाही. वर्गात एक काचेची गोटी फरशीवर आणि तीच गोटी वाळूच्या परातीत, सारख्याच उंचीवरून टाकून पाहा; अर्धे उत्तर तिथेच मिळते.

मोटार चढली त्या घट्ट उताराचाही उलगडा होतो. वाऱ्याकडच्या बाजूला कण एकेक करून माऱ्याने ठोकून बसवलेले असतात, म्हणून ती पृष्ठे टणक. पलीकडच्या बाजूला माथ्यावरून वाळू घसरून पडते आणि साधारण ३२ ते ३४ अंशांच्या कोनात सैल थांबते. तिथे चाक रुतते. साहसकथेतला प्रसंग आणि भौतिकीचे प्रकरण असे एकमेकांना जोडलेले आहेत. ड्रायव्हरला जीव वाचवण्यासाठी ओळखावा लागणारा फरक पुढे सिद्धांत झाला.

पुस्तकातला आणखी एक निष्कर्ष असा, की वाहून नेली जाणारी वाळू जमिनीलगतच्या वाऱ्याच्या जोराच्या मापाशी त्याच्या घनाने वाढते. ढोबळ मानाने, जोरदार वारा दुप्पट झाला की वाळू आठपट. त्यामुळे टेकडीचा आकार रोजच्या मंद झुळकांपेक्षा वर्षातल्या मोजक्या वादळी दिवसांवर अधिक अवलंबून असतो. 'सरासरी वारा' पाहून वाळवंट समजत नाही. सरासरीवर विसंबणाऱ्या आपल्या सवयीला हा चांगला धडा आहे.

जिथे पुस्तक जुने झाले

मोठ्या ग्रंथाचा मान राखायचा म्हणजे त्याच्या चुका झाकायच्या नाहीत. वाळूवरच्या लाटांमधले अंतर कणाच्या सरासरी उडीइतके असते, असे बॅग्नोल्ड यांनी मांडले होते. कल्पना सुंदर, पण ती टिकली नाही. १९८७ साली रॉबर्ट अँडरसन यांनी दाखवले की लाटा घडवण्यात लांब उड्यांपेक्षा त्यांच्या आघाताने थोडेथोडे उसळणारे कण महत्त्वाचे असतात. अतिशय बारीक धूळ वाऱ्याने सहज का उचलली जात नाही, याचे बॅग्नोल्ड यांनी दिलेले स्पष्टीकरणही पुढे अपुरे ठरले. कणांचे एकमेकांना चिकटणे त्यात धरावे लागले. सैफ टेकड्यांच्या उगमाविषयी तर त्यांनी स्वतःच पुढे वेगळी कल्पना मांडली.

तरीही ग्रंथाचा पाया भक्कम आहे. मंगळावरच्या गेल विवरातल्या टेकड्यांना त्यांचे नाव दिले आहे, आणि २०१५-१६ मध्ये क्युरिऑसिटी यान तिथे गेले. तिथल्या वाळूवर बोटभर अंतराच्या लहान लाटांबरोबरच सुमारे ३ मीटर अंतराच्या मोठ्या लाटाही दिसल्या. असे दुहेरी दृश्य आपल्याकडच्या वाळवंटात दिसत नाही, आणि त्याच्या कारणांवर अजून चर्चा चालू आहे. आपल्या वर्गांत पुस्तकातले वाक्य म्हणजे शेवटचा शब्द असे मानले जाते. कोणता भाग टिकला आणि कोणता बदलला हे सांगितले, तर मुलांना विज्ञान कसे चालते ते कळेल.

'मृत जग' कोणासाठी?

आमचा खरा आक्षेप पहिल्या पुस्तकाच्या उपशीर्षकावर आहे. 'मृत जग' हे शब्द आकर्षक आहेत, पण खरे नाहीत. बॅग्नोल्ड यांच्या आधी, १९२३ साली, इजिप्तचे अहमद हसनैन बे उंटांच्या तांड्याबरोबर कुफ्रामार्गे उवैनातला पोचले आणि तिथल्या खडकांवरची चित्रे त्यांनी जगापुढे आणली. इजिप्तचे राजपुत्र कमाल अल्-दीन यांनी पट्ट्यांवर चालणाऱ्या सिट्रोएन मोटारी घेऊन मोहिमा काढल्या. गिल्फ केबीर हे नाव त्यांनीच दिले. त्याही आधी पिढ्यान्‌पिढ्या तेबू आणि अरब टोळ्या इथल्या विहिरी आणि वाटा जाणत होत्या. जानेवारी १९३१ मध्ये इटालियन फौजांनी कुफ्रा घेतले, तेव्हा शेकडो माणसे बायकामुलांसह याच वाळवंटात पळाली आणि त्यांतली कितीतरी तहानेने मेली. काहींना इजिप्तच्या सर्वेक्षण खात्याचे पॅट्रिक क्लेटन यांनी मोटारींनी वाचवले. या माणसांना विचारले असते तर त्यांनी आपल्या मुलखाला मृत म्हटले नसते.

हा दोष एकट्या बॅग्नोल्ड यांचा नाही. तो या साऱ्या लेखनप्रकाराचा आहे. ऑस्ट्रेलियात सिम्प्सन वाळवंट मोटारीने पहिल्यांदा पार केले ते १९६२ साली भूशास्त्रज्ञ रेग स्प्रिग यांनी, पत्नी आणि दोन मुलांसह, चारही चाकांना जोर असलेल्या निसान पेट्रोलमधून. हजाराहून अधिक समांतर रांगा त्यांनी ओलांडल्या. कामगिरी मोठी होती. पण त्याच रांगांमध्ये वांकांगुरु लोक खोल विहिरी राखून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत राहत होते. 'पहिल्यांदा ओलांडले' हे वाक्य लिहिताना 'मोटारीने' हा शब्द गाळला की एक अख्खा समाज गाळला जातो. शब्द एक, पण तो शिक्षकांनी जपायला हवा.

दुसरी गोष्ट नकाशांची. रजेतल्या हौसेने जमवलेले ज्ञान १९४० साली युद्धाच्या कामी आले. बॅग्नोल्ड यांनी त्याच युक्त्या वापरून लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही लष्करी तुकडी उभी केली. त्याच वाळवंटात, त्याच गोतावळ्यात भटकलेले हंगेरीचे लास्लो आल्माशी यांनी १९४२ साली जर्मन हेरांना वाळवंट पार करून नाईलकाठी पोचवले. सूर्य-होकायंत्र दोन्ही बाजूंना सारखेच दिशा दाखवते. ज्ञान निर्दोष असते आणि त्याचा वापर तेवढा दूषित होतो, असे आपण वर्गात सहज म्हणून जातो. इथे लष्करी अधिकारी, साम्राज्याचा मुलूख आणि निखळ कुतूहल यांची सुरुवातीपासूनच सरमिसळ होती. ती नाकारून कुतूहलाचा गौरव करता येणार नाही, आणि ती सांगितल्याने कुतूहलाची किंमतही कमी होत नाही.

तिसरी गोष्ट चाकोऱ्यांची. बारीक खड्यांनी झाकलेल्या मैदानावर उमटलेली मोटारीची खूण वाऱ्याने लवकर पुसली जात नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या चाकोऱ्या आणि पेट्रोलचे डबे आजही तिथे दिसतात. बॅग्नोल्ड यांच्या मूठभर मोटारींनी जे केले त्याचे पुढे सहलींचे तांडे झाले. वाळू विसरते, पण वाळवंटातले खडे विसरत नाहीत.

शिक्षकांनी काय घ्यावे

'लिबियन सँड्स' सोप्या इंग्रजीत आहे आणि सहज वाचून होते. मात्र नकाशा शेजारी उघडा ठेवावा, नाहीतर स्थळनामांच्या गर्दीत वाचक हरवतो. 'फिजिक्स' अवघड आहे. एकके सीजीएस पद्धतीची आहेत आणि मधली प्रकरणे गणिताशिवाय उलगडत नाहीत. पण सुरुवातीची प्रकरणे आणि टेकड्यांवरचा शेवटचा भाग कोणाही पदवीधर शिक्षकाला झेपेल. २००५ साली डोव्हर या प्रकाशनाने तो पुन्हा छापला.

या दोन पुस्तकांनी मिळून काय दिले? बॅग्नोल्ड यांनी भूगोल, यंत्रशास्त्र, खगोल आणि भौतिकी यांच्यामध्ये भिंती घातल्या नाहीत, कारण रुतलेल्या मोटारीपुढे तसे करणे परवडत नाही. भिंती आपण वेळापत्रकात घालतो. आठवड्यातून एक तास जरी भूगोलाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून घेतला, एक पंखा, एक परात आणि चाळलेली कोरडी वाळू घेऊन, तरी 'अडथळा आला की वाळू पडते' हे वाक्य पाठ करण्याऐवजी मुले ते तपासून पाहतील. आणि ते अपुरे आहे हे त्यांना कळले, तर त्यांच्या उत्तरपत्रिकेत आपण गुण कशाला द्यायचे, याचा विचार आपल्यालाच करावा लागेल.